दळणानिमित्त सर्व्हर बंद राहील

परबकाकांच्या घरात शिरणं सोपं आहे, निघणं अवघड. चहा संपवून "चला, येते" म्हणत तुम्ही उठलात की काका दारापर्यंत येतात, कडीवर हात ठेवतात आणि विचारतात, "कारण?"

"घरी जाते, काका."

"ती झाली कृती. कारण सांग."

"कुकर लावायचाय."

"प्लॅन्ड की अनप्लॅन्ड?"

इथे नवखा माणूस गांगरतो. मी त्यांच्या अगदी खालच्याच मजल्यावर राहते, त्यामुळे आता सरावले आहे. "प्लॅन्ड, रोजची देखभाल," एवढं म्हटलं की काका समाधानाने कडी काढतात. त्यांची मुलगी मुलुंडला दिलेली आहे. ती एकदा माहेराहून निघताना भडकली आणि "कारण वैताग!" असं ओरडली. काकांनी शांतपणे मान डोलावली. "चालेल. 'इतर'मध्ये बसतं."

ही खोड काकांना माणसांनी लावलेली नाही. अंधेरीच्या एका कंपनीत त्यांनी उभी हयात सर्व्हररूम सांभाळली, तिथली ही लागण आहे. सर्व्हर म्हणजे काय ते मला त्यांनीच समजावलं, आणि मी न विचारता समजावलं. तुमच्या-माझ्या घरचा कंप्युटर हा घरातल्या माणसासारखा. बंद हो म्हटलं की बंद होतो. सर्व्हरमधली ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे त्या डब्याच्या आत बसलेली कारभारीण, वेगळ्या वळणाची असते. आपल्या जिवावर शेकडो माणसं कामं करताहेत, अशी तिची पक्की समजूत. म्हणून तिला बंद करायला गेलात की ती आधी विचारते, का? ठरवून की न ठरवता? यादीतलं कारण निवडा, दोन शब्द लिहा, मगच ती डोळे मिटणार. काकांचं म्हणणं, लग्नाच्या वेळी सप्तपदीबरोबर हेही लावून दिलं असतं तर निम्मे संसार सुखाचे झाले असते.

रिटायर होताना कंपनी त्यांना चांदीचा गणपती देणार होती. काकांनी तो हात जोडून नाकारला आणि भंगारात निघालेला एक जुना सर्व्हर मागून घेतला. त्या दिवशी ते घरी फोनवर एवढंच म्हणाले, "घेऊन येतोय, दार उघडं ठेव." सुलभाकाकूंना वाटलं, नवा फ्रीज. त्या हळदकुंकवाचं तबक घेऊन दारात उभ्या. भांडुपच्या आमच्या डोंगराकडच्या चढावर टेम्पो धापा टाकत आला, चार माणसांनी एक काळा, जड, धुळकट डबा उतरवला आणि तो लिफ्टमध्ये घातल्यावर लिफ्टनेच नकार दिला. जिन्याने वर आलेल्या त्या डब्याकडे बघून काकू म्हणाल्या, "ह्येचा दार खयसून उघडता?"

तबक हातात होतं म्हणून त्यांनी त्यालाही कुंकू लावलं. ते बोट अजून त्याच्या कपाळावर आहे.

खरी लढाई पुढे झाली. सर्व्हरला मोठा प्लग लागतो. परबांच्या हॉलमध्ये तसा प्लग एकच, आणि त्यावर काकूंची घरघंटी. घरात पीठ दळायची ती चक्की काकूंनी भिशीच्या पैशातून घेतलेली, तिला हलवायची कोणाची हिंमत? दोन दिवस घरात बोलणं बंद होतं. शेवटी तह झाला: शनिवारी सकाळी प्लग घरघंटीचा, एरवी सर्व्हरचा. त्याच दिवशी बिल्डिंगच्या ग्रुपवर मेसेज आला, "शनिवारी सकाळी दळणानिमित्त सर्व्हर बंद राहील. गैरसोयीबद्दल क्षमस्व. — अ‍ॅडमिन." तेव्हा तो सर्व्हर वापरणारं पृथ्वीच्या पाठीवर कोणीही नव्हतं. एकाच घरातून उत्तर आलं, "काकू, माझेही दोन किलो गहू."

सर्व्हरच्या पंख्यांचा आवाज तर विचारूच नका. तो आणि घरघंटीचा आवाज इतका सारखा की माझ्या सासूबाई महिनाभर समजत होत्या, वरची मंडळी दिवसरात्र दळण दळतात. "लई पीठ खातेत बाई," असं त्यांनी खालच्या भाजीवालीलाही सांगून ठेवलं होतं.

असो. सर्व्हर आला, पण त्याने करायचं काय? काका अस्वस्थ. "युजर नसलेला सर्व्हर म्हणजे नुसता हीटर," असं म्हणून ते घरोघर फिरले. तुम्हाला काय हवंय? फाइली ठेवायच्यात? फोटो? लोकांनी फोटो मोबाइलमध्येच ठेवले होते. फाइली ठेवण्याएवढं काम आमच्या बिल्डिंगमध्ये कोणी करत नाही. शेवटी जिन्यात बसलेली पोरं म्हणाली, "काका, गेम असेल तर बोला."

आणि काकांनी विडा उचलला. सर्व्हरच्या ऑपरेटिंग सिस्टीमवर गेम चालवायचा. म्हणजे श्राद्धाच्या भटजींना ऑर्केस्ट्रात गायला बसवायचं.

ती डब्यातली कारभारीण कशालाच तयार होईना. कुठलीही वेबसाइट उघडायला जावं तर "हिच्यावर तुमचा विश्वास आहे का?" म्हणून हटकायची. चित्र धड दाखवायची नाही, म्हणून काकांनी लॅमिंग्टन रोडला तीन खेपा घालून एक ग्राफिक कार्ड आणलं. ते डब्यात मावेना. मग डब्याचं झाकण कायमचं काढलं आणि त्यावर काकूंनी विणलेला रुमाल घातला. एवढं करून गेम टाकायला घेतला तर गेमच म्हणाला, मी असल्या सिस्टीमसाठी बनलेलो नाही.

सगळ्यांनी समजावलं. माझा नवरा म्हणाला, "काका, ही काढा आणि साधी सिस्टीम टाका की. अर्ध्या तासाचं काम आहे."

"साधी?" काका त्याच्याकडे असे बघायला लागले की जसं काही याने काकूंना सोडून दुसरी करा असं सुचवलं. "साधी म्हणजे ती घरगुती? जी मध्येच स्वतःच्या मनाने बंद होते आणि सकाळी 'नमस्कार' म्हणते? नाय. चालेल तर हिच्यावरच चालेल."

आणि एका रविवारी दुपारी चालला. ट्रकचा गेम होता. लांबच लांब हायवे, तुमचा एक ट्रक, माल भरायचा, दुसऱ्या गावी पोचवायचा. तुम्ही आपल्या घरच्या लॅपटॉपवरून काकांच्या सर्व्हरला जोडलं जायचं, की सगळ्या बिल्डिंगचे ट्रक एकाच रस्त्यावर. शिवाय खुद्द सर्व्हरसमोर बसूनही खेळता आला पाहिजे, हा काकांचा हट्ट. तोही त्यांनी पुरा केला.

पोरांनी दोन दिवस हुंदडून घेतलं. खऱ्या अर्थाने ट्रकला लागल्या त्या माझ्या सासूबाई. त्या जालन्याच्या. सासऱ्यांचा टेम्पो होता, पण पुढच्या सीटवर नेहमी कोणीतरी मोठं माणूस बसलेलं असायचं आणि या मागे, पोत्यांवर. आता सत्तरी उलटल्यावर त्यांच्या हातात चौदा चाकांचा ट्रक आला. तो त्या अशा चालवायच्या की मागून सायकल पुढे जावी. मध्येच बाजूला घेऊन थांबायच्या. "गाडीला दम खाऊ द्यावा," म्हणायच्या. दुसऱ्या मजल्यावरचे छेडाअंकल त्यांचे जोडीदार. त्यांचं आयुष्य किराणा दुकानात गेलेलं, त्यामुळे रिकामा ट्रक रस्त्यावर नेणं त्यांना पाप वाटायचं. "माताजी, खाली गाडी मत चलाव, लॉस होगा," असं ते जिन्यातून ओरडून सांगायचे.

एकच उणं होतं. ट्रक मुके होते. सर्व्हरला जन्मतः आवाज बंद असतो, आणि तो मुका तर त्याला जोडलेले सगळेच मुके म्हणे. बरोबरच आहे, सर्व्हररूममध्ये ऐकणार कोण? सासूबाईंना ते पटेना. वळण आलं की त्या स्वतःच्या तोंडाने "पॉंऽऽ पॉंऽऽ" करायच्या. एकदा कुरियरवाला दाराबाहेरून बाजूला झाला.

आवाज सुरू करायचा तर आधी सर्व्हर बंद करून परत चालू करावा लागणार होता, आणि काका कुठलाही सर्व्हर गाऱ्हाणं घातल्याशिवाय बंद करून चालू करत नाहीत. कोकणात कुठलंही काम सुरू करताना देवाला असं साकडं घालतात. कंपनीतही ते घालायचे, फक्त मनातल्या मनात. इथे त्यांना मोकळं रान मिळालं. डब्यापुढे नारळ ठेवला, आम्हा सगळ्यांना मागे उभं केलं आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही.

"आज ह्या तुझ्या लेकरान सर्व्हरचो आवाज चालू करूचो घाट घातल्यान आसा, त्येका यश दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"कोणी वायरीक पाय लावलो आसात, कोणी वाकड्या नजरेन बघल्यान आसात, तर ता सगळा भायरच्या भायर घालव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" यात सगळ्यात मोठा आवाज छेडाअंकलचा. त्यांना मालवणीतलं अक्षर कळत नव्हतं, पण देवाच्या कामात ते मागे राहत नाहीत.

सर्व्हर परत उठला. सासूबाईंनी धावत खाली येऊन हॉर्न दाबला. दुसऱ्या मजल्यावरून छेडाअंकलच्या ट्रकने उत्तर दिलं. त्या दिवशी आमच्या बिल्डिंगमध्ये कोणालाही दुपारची झोप मिळाली नाही, आणि सेक्रेटरी तक्रार करायला वर गेले ते नारळाचा प्रसाद खाऊन परत आले.

यानंतरचे काही महिने झकास गेले. फक्त सर्व्हर अधूनमधून पडायला लागला. बुधवारी म्हणा, शुक्रवारी म्हणा, दुपारी एकदम सगळे ट्रक जागच्या जागी गोठायचे. मग काय, सासूबाईंचा जीव खालीवर. "अगं, कांदा भरलाय गाडीत! सडंल की तो!" असं म्हणत त्या काकांना फोन लावायच्या, आणि काका पहिल्याच रिंगला उचलायचे.

"परब बोलतोय. कधीपासून? स्क्रीनवर काय दिसतंय? बरं. तुमच्या एकटीलाच होतंय की छेडांनाही? बरं, बरं. काळजी करू नका. मी बघतो."

काय आवाज असायचा तो! एरवी किरकिरणारे काका फोनवर एखाद्या मोठ्या डॉक्टरसारखे बोलायचे. अर्ध्या तासात सर्व्हर उभा राहायचा आणि मग काका स्वतः खाली यायचे. ट्रक हलला की नाही ते डोळ्यांनी बघायचे, सासूबाईंच्या हातचा चहा घ्यायचे आणि काय बिघडलं होतं ते आम्हाला एक अक्षर कळणार नाही अशा तऱ्हेने समजावून वर जायचे. "एवढा हुशार माणूस, पण डबा भंगार," सासूबाई हळहळायच्या. मी तर खाली बसून त्या डब्याला रोज शिव्या मोजायचे.

पण खेळ तो खेळच. पोरं मोबाइलवरच्या दुसऱ्या कुठल्या तरी गेममागे लागली. छेडाअंकल मुलाकडे बोरीवलीला राहायला गेले. जाताना त्यांनी सासूबाईंना "माताजी, तूर दाल का भाव देख के भरना" असा शेवटचा सल्ला दिला. मग सासूबाईही भाचीच्या लग्नाला जालन्याला गेल्या आणि लग्न लांबलं तसं त्यांचं येणंही लांबलं. सर्व्हर वर घरघरत राहिला. त्याला जोडलेलं आता कोणीच नव्हतं.

एका गुरुवारी मला सुट्टी होती. दुपारी जेवून आडवी झाले, आणि एकदम काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. वरची घरघर थांबली होती. लाइट गेली म्हणावं तर माझा पंखा चालू. इतक्या महिन्यांत त्या आवाजाची अशी सवय झाली होती की शांततेने मला भीतीच वाटली. काकांना तर काही झालं नाही ना, म्हणून मी तशीच वर गेले.

दार काकूंनी उघडलं. तोंडावर बोट ठेवून त्यांनी मला थेट स्वयंपाकघरात नेलं. जाताना मला हॉल दिसला. सर्व्हरचे हिरवे दिवे विझले होते. समोर खुर्चीवर काका बसले होते, इस्त्रीचा फुल शर्ट, खिशाला पेन, भांग पाडलेला, जसे काही ऑफिसला निघालेत. टेबलावर त्यांचा फोन उताणा ठेवलेला. ते त्याच्याकडे बघत होते.

"परत पडला का हो सर्व्हर?" मी हळूच विचारलं.

"पडता खय? हेच पाडतत," काकू म्हणाल्या आणि भांडी पुसत राहिल्या.

मला कळेना. मग त्यांनी सांगितलं. कंपनीत सर्व्हर पडला की काकांचा फोन थांबायचा नाही. मुंबईचे, पुण्याचे, कोणकोण साहेब हवालदिल होऊन ह्यांनाच विचारायचे, परब, काय झालं, कधी होईल? जेवणाच्या ताटावरून उठून जायचे. "तेव्हा मी त्या फोनाक किती गाळी घातलंय, ता माझा माका म्हायत," काकू म्हणाल्या. "आणि रिटायर झाले त्या दिसापासून एक फोन नाय गो. एक सुद्धा नाय. हे दिसाक दोनदा फोन चार्ज करीत. वाजाचोच नाय तर संपतलो कसो?"

म्हणून सर्व्हर. म्हणून गेम. आणि म्हणूनच अधूनमधून, कोणी ट्रक चालवत असताना, तो बंद.

"अगो, हेंका गेम कळता काय?" काकू म्हणाल्या. "आजपर्यंत एक ट्रक चलवक नाय हेंनी. इंजिन चालू झाला, पडद्यावर दिसला, की बस. उठतत."

मी हॉलकडे पाहिलं. काकांनी फोन उचलला, रेंज आहे का ते बघितलं आणि परत होता तसा ठेवला. माझे डोळे भरून आले. आणि खरं सांगते, त्यांचा रागही आला. नुसतं "या चहाला" म्हणाले असते तरी आम्ही रोज आलो असतो की! पण काही माणसांना असं बोलावता येत नाही. त्यांच्यावाचून कोणाचं तरी अडलेलं असावं लागतं, तरच त्यांना कोणाच्या घरी जायला तोंड असतं.

"आज कोण करतलो फोन?" काकू पुटपुटल्या. "मुलुंडच्या चेडवाकडे पोरांच्या परीक्षा. तुझी सासू थय जालन्याक." त्यांनी भांडं खाली ठेवलं, ओले हात पुसले, फ्रीजवरचा आपला मोबाइल घेतला आणि खिडकीकडे तोंड करून पदर तोंडावर धरला.

बाहेर फोन वाजला. पहिल्याच रिंगला उचलला गेला.

"परब बोलतोय."

तो आवाज मला एका कानाने भिंतीपलीकडून आणि दुसऱ्या कानाने काकूंच्या मोबाइलमधून ऐकू आला.

"साहेब, तुमचो सर्व्हर बंद आसा काय?" काकूंनी जमेल तेवढा परका आवाज काढला.

फोनवर नाव दिसतं हो. चाळीस वर्षं संसार केलेल्या बायकोचा आवाज पदराआडून ओळखायला येत नाही असंही नाही.

"हो मॅडम," काका म्हणाले. "कधीपासून दिसतंय बंद?"

"झालो असात अर्धो तास."

"काम चालू आहे. आपल्याला कुठे जायचं होतं?"

हा प्रश्न काकूंच्या तयारीतला नव्हता. त्या गडबडल्या. माझ्याकडे बघितलं. मग त्यांनी पदर सोडला आणि आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "खय म्हणजे? गावाक."

मग फोनवर नाही, तर हॉलमधून हाक आली, "सुलू, तुका ट्रक चालवक येता?"

"माका खयसून येतलो?"

"माका पण नाय येत. ये भायर. बघूया."

खुर्च्या ओढल्याचा आवाज झाला. सर्व्हर घरघरायला लागला, हिरवे दिवे लागले आणि पडद्यावर एक लाल ट्रक उभा राहिला. दोघं त्याच्यापुढे बसली. काकांनी हे बटण दाबलं, ते दाबलं. वायपर चालू झाले. दिवे लागले, विझले. ट्रक जागचा हलेना. मला यातलं काही कळत नाही, मी दाराला टेकून नुसती उभी.

शेवटी काकांनी टेबलावरचा फोन उचलला आणि नंबर लावला. ज्या माणसाला जन्मभर लोकांनी अडचणी सांगितल्या, तो आज स्वतःची अडचण सांगायला निघाला होता. स्पीकरमधून लग्नघराचा गलका आला, पाठोपाठ माझ्या सासूबाई.

"परब बोलतोय," काका म्हणाले, आणि त्यांचा आवाज जरा खाली आला. "ताई, जरा अडलंय. गाडी हलत नाहीये."

"हँडब्रेक काढला का?" तिकडून सासूबाई ओरडल्या. "आधी हँडब्रेक काढा भाऊ! मग हळू. लई हळू. कोणाच्या बापाची घाई नाही आपल्याला!"

हँडब्रेक निघाला. ट्रकने असा हिसका दिला की काकूंनी किंचाळून काकांचा दंड धरला, आणि काका मोठ्याने हसले. मी त्यांना हसताना पाहिलं होतं, पण कोणाला काहीही न समजावता हसताना पहिल्यांदाच बघत होते. ट्रक एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे करत रस्त्याला लागला.

"थांब, थांब, माल भरूचो रवलो," काका म्हणाले. "काय भरूया?"

"काय नको," काकू म्हणाल्या. त्यांनी दंड सोडला नव्हता. "आज आपण दोघांच."

फोन टेबलावर तसाच चालू होता. सासूबाई तिकडून विचारत होत्या, निघाली का गाडी, अहो, निघाली का? त्या दोघांना काही ऐकूच येत नव्हतं. मी पुढे होऊन फोन उचलला आणि हळूच म्हणाले, "निघाली, आई. ठेवा तुम्ही आता."